सात दिवसांचा नागा

आमच्या घरात कुणाची पाळी चालू आहे, हे अब्बांच्या दुकानातल्या गठ्ठ्यांवरून कळायचं. अब्बा जिल्दसाज होते, म्हणजे पुस्तकांची बांधणी करायचे. महाल नावाच्या वस्तीतल्या एका अरुंद गल्लीत आमचं दोन खोल्यांचं घर, आणि गल्लीकडे तोंड असलेली पडवी हेच दुकान. तिथे शाळांची मस्टरं यायची, धंतोलीतल्या डॉक्टरांची पेशंटांची जाडजूड रजिस्टरं यायची, वाचनालयांची फाटकी पुस्तकं यायची, आणि रमजानच्या आधी दोन महिने कुराणशरीफच्या प्रतींची रीघ लागायची. शिवण आम्हा बायकांकडे. अम्मी, फुफी आणि मी, तिघी दुपारी आतल्या खोलीत बसून दाभणाने फर्मे, म्हणजे पानांच्या घड्या, शिवायचो. जिची नमाज माफ असेल तिच्यासमोर रजिस्टरांचा गठ्ठा, बाकीच्यांसमोर कुराणाचा. तोंडाने कुणी काही बोलायचं नाही. पण अब्बा आत आले की त्यांना दिसायचं, शेजारीण पीठ मागायला आली की तिला दिसायचं, गठ्ठा उचलायला आलेल्या हमालालाही दिसायचं. सत्तरी ओलांडली तरी एखाद्या दवाखान्यात जाड रजिस्टर दिसलं, की माझी कानशिलं अजून तापतात.

त्या घराचा वास मात्र मला प्रिय आहे. चुलीवर मैद्याची खळ शिजायची, तिला कसर लागू नये म्हणून अम्मी त्यात मोरचूद टाकायची, आणि शेजारच्याच चुलीवर दालच्यात भोपळा शिजत असायचा. लहानपणी दोन पातेल्यांत गल्लत होईल अशी मला भीती वाटायची. पडवीतून अब्बांच्या हातोडीचा आवाज यायचा, पुस्तकाची पाठ गोल करताना येतो तसा, हलका, एकसारखा. फुफी, म्हणजे अब्बांची मोठी बहीण, त्या आवाजावर सुपारी कातरायची. ती तरुणपणीच विधवा होऊन आमच्याकडे आली होती आणि घराचा धर्म तिच्या हाती होता. कोणाचा पदर ढळला, कोणी बिस्मिल्ला न म्हणता घास घेतला, तिला पाठमोरीलाही कळायचं. माझी वर्गमैत्रीण शकू महिन्याचे चार दिवस त्यांच्या घरी न्हाणीजवळ वेगळी बसायची, तिचं ताट-वाटी वेगळी. ते ऐकून फुफी मोठ्या अभिमानाने म्हणायची, "आपल्यात असं नाही वं. आपल्यात बाई सैपाक करते, सगळ्यांत बसते. अल्लानं बाईले दूर बसवलं नाही." ते खरंच होतं. मी शाळेत ते मिरवायचेसुद्धा. माझ्यापासून काय दूर ठेवलं जाणार आहे, याची मला तेव्हा कल्पना नव्हती.

हाफिजजी आमच्याच पडवीत सकाळी मुलांना शिकवायचे. मशिदीतली खोली गळकी होती म्हणून अब्बांनी त्यांना जागा दिली होती. हाफिजजींना दिसायचं नाही, लहानपणी देवीत डोळे गेले होते, पण कुराणाचे तीसच्या तीस पारे, म्हणजे भाग, त्यांच्या छातीत होते. बारा-पंधरा मुलं पुढेमागे डुलत सबक घोकायची आणि दाराआड मी दाभणात दोरा ओवत ऐकत बसायचे. कुणी मला शिकवलं नाही. कानातून जात होतं आणि राहत होतं. एक दिवस खळ ढवळता ढवळता मी अख्खा शेवटचा पारा म्हणून टाकला. अब्बांची हातोडी थांबली. ते हाफिजजींचा हात धरून दाराशी आले आणि म्हणाले, "ऐका जी हिले." हाफिजजींनी ऐकलं, तीन ठिकाणी उच्चार दुरुस्त केले आणि म्हणाले, "करीमभाई, ये बच्ची हाफिज बनेगी." मी तेव्हा दहा वर्षांची होते. त्या दिवसापासून दाराला एक जुनी चादर टांगली गेली. चादरीच्या त्या बाजूला मुलं, या बाजूला मी एकटी. तीन वर्षांत माझे एकोणीस पारे झाले. हाफिजजींचा भाचा सलीम माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा, तो चौदाव्यावर होता.

हिफ्ज, म्हणजे कुराण तोंडपाठ करणं, ज्यांनी केलं नाही त्यांना एक गोष्ट सांगायला हवी. नवीन पाठ करणं अवघड नसतं. अवघड असतं ते जुनं धरून ठेवणं. एकसारख्या वाटणाऱ्या आयती, म्हणजे ओळी, असतात, एका अक्षराचा फरक असतो, आणि रोज उजळणी केली नाही तर या सुऱ्यात, म्हणजे अध्यायात, चालताना माणूस दुसऱ्याच सुऱ्यात शिरतो, रस्ता चुकल्याचं कळतही नाही. म्हणून हाफिजजी रोज सबकाआधी मागचे दोन पारे ऐकायचे. एका दिवसाचा नागा, म्हणजे खाडा, झाला तर तीन दिवस भरून काढायला लागतात, असं तेच सांगायचे.

चौदाव्या वर्षी माझी पाळी आली. अम्मीने मला जवळ घेतलं, जुन्या सुती लुगड्याच्या घड्या दिल्या, गूळ आणि खोबरं खायला दिलं. ती कळमेश्वरकडच्या खेड्यातली, बोलायला कमी. फुफीने मात्र त्याच दुपारी माझ्यासमोरचा कुराणाचा गठ्ठा उचलला आणि रजिस्टरं ठेवली. मी सवयीने गुणगुणत होते. तिने माझ्या तोंडावर हात ठेवला.

"आता पढायचं नाही. पाक होईस्तोवर एक आयत पढायची नाही."

"हात नाही लावत न फुफी. तोंडपाठ म्हणून राहिली."

"तोंडानंही नाही. दरूद पढ, दुआ माग. कुराण नाही."

"सात दिवस?"

"सात त सात."

दुसऱ्या दिवशी चादरीपलीकडून हाफिजजींनी हाक मारली तर मी गप्प. फुफीने आतून उत्तर दिलं, "आज तिची छुट्टी आहे." हाफिजजी समजले. मुलंही समजली, कारण त्यातल्या मोठ्यांना घरी बहिणी होत्या. सलीम खाकरला आणि दोघं-तिघं फिसफिसले. पुढे दर महिन्याला ते व्हायचं. मी चादरीआड असून त्या गल्लीत माझ्याइतकी उघडी मुलगी दुसरी नव्हती.

सात दिवस मी रजिस्टरं शिवायचे आणि ओठ दाबून धरायचे. पण डोक्यात चालू असलेलं थांबवायचं कसं, हे मला कुणी सांगितलं नाही. हातोडी पडली की त्या ठेक्यावर आयत सुरू व्हायची आणि मी घाबरून पाढे म्हणायचे, शाळेतल्या मराठी कविता म्हणायचे, काहीही म्हणून ती झाकायचे. आठव्या दिवशी आंघोळ करून बसले की अकरावा पारा बाराव्यात मिसळलेला. तो सोडवता सोडवता पंधरवडा जायचा, आणि थोडं पुढे जावं तर पुन्हा रजिस्टरं. वर्षभरात मी जेमतेम तीन पारे पुढे गेले. सलीमने मला गाठलं. हाफिजजी माझ्यावर चिडायला लागले. "बेटी, याद किया हुआ कुरान भूलना बडा गुनाह है. कयामत के दिन क्या मुँह दिखाओगी?" ते म्हणायचे. मी एकदा चादरीआडून विचारलं, "हाफिजजी, सात दिन पढा नहीं तो याद कैसे रहेगा?" मग ते म्हणाले, "लडकियों का हाफिजा ही कमजोर होता है." मुलींची स्मरणशक्तीच कच्ची असते! ज्या पोरीला त्यांनी स्वतः तीन वर्षांत एकोणीस पारे चढवले, तिला ते हे सांगत होते. मी त्या दिवशी दाभण इतकं जोरात खुपसलं, की ते रजिस्टरातून आरपार माझ्या मांडीत गेलं.

दोन वर्षांनी, मी सोळा वर्षांची असताना, मोठे मौलाना आमच्याकडे येणार असं ठरलं. ते बाहेरगावचे, वयोवृद्ध, चार जिल्ह्यांत त्यांचा शब्द मानला जायचा. त्यांनी मुलांचं पाठांतर ऐकायचं आणि जे उतरतील त्यांच्या डोक्याला पगडी बांधायची. हाफिजजींकडून दोघंच तयार होते, सलीम आणि मी. सलीमला पगडी, मला ओढणी. मी कशी तयार झाले ते मलाच माहीत. नमाजेच्या दिवसांत मी रात्रंदिवस पढत होते. घसा बसला तर ज्येष्ठमध चघळत पढत होते. अब्बांनी माझ्यासाठी एका प्रतीला हिरव्या चामड्याची जिल्द बांधली. ते गिऱ्हाइकाच्या कामावरही इतके झुकून बसत नसत. तारीख ठरल्यावर मी बोटांवर हिशोब केला. चार दिवसांचं अंतर होतं. सुटले, असं मला वाटलं.

त्या दिवशी सकाळी, पाहुण्यांसाठी तांदूळ निवडत असताना, चार दिवस आधीच मला पाळी आली.

मी अम्मीला सांगितलं. अम्मीचा चेहरा पडला. ती म्हणाली, "गप राह्य. कोणाले सांगू नको." एवढंच. आयुष्यात तिने मला खोटं वागायला सांगितल्याचं दुसरं उदाहरण मला आठवत नाही. पण दुपारच्या नमाजेला मी उभी राहिले नाही आणि फुफीने ते पाहिलं. घरात दोन मामी, शेजारच्या बायका, सगळ्या जमलेल्या. त्या सगळ्यांसमोर तिने विचारलं, "रशीदा, तुही नमाज माफ आहे का वं?" मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. तिने माझ्या डोक्यावरून नवी ओढणी काढली, घडी केली आणि पेटीत ठेवली. मला चुलीपुढे बसवलं. "जर्दा हलव. खाली लागन." माझ्याच समारंभाचा गोड भात मी हलवत बसले. केशराचा, तुपाचा वास येत होता.

पलीकडे पडवीत सतरंज्या अंथरलेल्या. मौलाना आले, हाफिजजींनी त्यांच्या कानाशी काहीतरी सांगितलं असावं, कारण माझं नाव निघालंच नाही. सलीमने सुरुवात केली. त्याचा आवाज गोड होता, ते मान्य करायला हवं. मौलाना मधूनच कुठलीही आयत उचलायचे आणि तो पुढे न्यायचा. तिसऱ्यांदा त्याला अकराव्या पाऱ्यातली आयत दिली. तो चार आयती गेला आणि थांबला. पुन्हा मागून आला, पुन्हा तिथेच थांबला. कोणीच पुढचा शब्द देईना, परीक्षाच ती. माझ्या हातात डाव होता. तो जिथे अडला होता ती जागा मी किती महिने रडून रडून सोडवली होती. तो तिसऱ्यांदा तिथे आला आणि माझ्या तोंडून पुढची आयत निघाली. ठरवून नाही. खोकला निघतो तशी निघाली, पण मोठ्याने, स्पष्ट, सगळ्या पडवीला ऐकू जाईल अशी. आणि निघाली ती थांबली नाही. मी त्या रुकूच्या, म्हणजे त्या परिच्छेदाच्या, शेवटापर्यंत गेले.

फुफीची चपराक बसली तेव्हा मी थांबले. बायका कानांना हात लावत होत्या.

बाहेरून मौलानांचा म्हातारा आवाज आला, "कौन है ये?"

हाफिजजी म्हणाले, "हुजूर, करीमभाई की लडकी है. पूरा हिफ्ज किया है. मगर आज मजबूरी है."

"अच्छा, अच्छा," मौलाना म्हणाले. "तो अगले साल, इन्शाअल्ला."

पुढच्या वर्षी! मी डाव खाली ठेवला आणि चादरीपाशी गेले. मी घाबरले होते, हे सांगायला मला संकोच नाही. पण भीतीपेक्षा राग जास्त होता. मी म्हटलं, "मौलानासाहब, एक सवाल है. याद किया हुआ भूल जाना गुनाह है. और इन दिनों में पढना भी गुनाह है. नहीं पढती तो भूलती हूँ. आप बताइये, मैं कौनसा गुनाह करूँ?"

अब्बाही पलीकडे होते. मला वाटत होतं ते काहीतरी बोलतील. ते बोलले नाहीत, आणि ते मी त्यांना फार दिवस माफ केलं नाही.

मौलानांनी चादरीकडे तोंड वळवलं. माणूस वाईट नव्हता. ते सावकाश म्हणाले, "बेटी, सवाल पुराना है. अपने यहाँ मना है. मगर दूसरे एक इमाम के मजहब में भूलने के डर से औरत को जबानी पढने की इजाजत दी गयी है. बडे बडे आलिम उसके कायल हुए हैं. लेकिन अपने इलाके में उस पर अमल नहीं."

मला आधी नीट समजलंच नाही. मग समजलं. म्हणजे आमच्याच धर्मातल्या दुसऱ्या पंथात हे चालत होतं. माझ्यासारख्याच मुली, तेच कुराण, तोच अल्ला, आणि त्यांना कुणी गप्प केलं नव्हतं. "हाफिजजी," मी विचारलं, "आपको मालूम था?"

हाफिजजी आयुष्यात खोटं बोलले नाहीत. ते म्हणाले, "मालूम था."

"फिर मुझे क्यूँ नहीं बताया?"

"तुझे बताता तो कल गली की सारी औरतें पूछने आतीं."

तेव्हा माझ्या मागून अम्मी बोलली. परक्या पुरुषांच्या कानावर तिचा आवाज कधी पडला नव्हता. हाताला तांदळाचं पाणी, पदर तोंडावर ओढलेला. "आल्या असत्या त काय झालं असतं जी?" ती म्हणाली.

त्या सवालाचं उत्तर मी पुढे शोधत राहिले. मी नंतर बरीच पुस्तकं वाचली, उर्दू शिकले, जाणकारांना पत्रं लिहिली. मनाई करणाऱ्यांची कारणं मी वाचली आहेत आणि ज्यांना ती मनापासून पटतात त्यांच्याशी माझं भांडण नाही. माझी एक मामेबहीण जन्मभर तसंच पाळते, आणि तिची श्रद्धा माझ्यापेक्षा तसूभर कमी नाही. माझा राग वेगळा आहे. दोन वाटा आहेत हे ज्यांना ठाऊक होतं, त्यांनी एकच दाखवली, आणि मी त्या वाटेवर ठेचकाळले तेव्हा माझ्या पायांना दोष दिला.

सलीमला पगडी बांधली गेली. जर्दा वाढला गेला. मौलाना संध्याकाळच्या गाडीने परत गेले. जाताना त्यांनी चादरीकडे पाहून दुआ दिली म्हणे. मी ऐकली नाही, मी न्हाणीत दार लावून बसले होते. पुढच्या आठवड्यात हाफिजजींनी शिकवणी दुसऱ्या गल्लीत हलवली. जिथे बायका चादरीतून सवाल करतात तिथे मुलांवर संस्कार होत नाहीत, असं कुणीतरी त्यांना म्हटलं होतं, आणि त्यांनी ते ऐकलं. चादर काढली गेली. दाराच्या चौकटीत खिळ्यांची भोकं तेवढी राहिली.

समारंभाच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी मी रजिस्टरांचा गठ्ठा ओढला, तर अब्बा आत आले. हात धुतलेले, डोक्यावर टोपी. त्यांनी ती हिरव्या चामड्याची प्रत रेहलवर, म्हणजे कुराण ठेवायच्या लाकडी घडवंचीवर ठेवली, समोर बसले आणि पहिलं पान उघडलं.

"सुनाव," ते म्हणाले.

"अब्बा, आज दुसराच दिवस आहे."

"मले मोजता येते वं. सुनाव."

फुफी उठून उभी राहिली. "करीम! तुले अल्लाची भीती नाही का गा?"

"आहे," अब्बा म्हणाले. "म्हणूनच बसलो. तिचं भुललं त मलेच विचारन न तो. तू पढ, पोरी. पानाले हात लावू नको, पानं मी पलटवतो." मग खाली पाहत हळूच म्हणाले, "काल मी बोललो नाही. काल बोलाले पाह्यजे होतं."

अब्बा हाफिज नव्हते. त्यांना अरबीचा अर्थ येत नव्हता, वाचन तेवढं यायचं. ते ओळीखाली बोट धरून माझ्यामागून चालायचे आणि मी चुकले की बोट थांबायचं. रोज सकाळी दुकान उघडण्याआधी एक पारा. महिन्याच्या तीसही दिवस. पहिल्या सात दिवसांत आयत म्हणताना घराचं छत कोसळेल असं वाटायचं. छत कोसळलं नाही. अकरावा आणि बारावा पारा कायमचे वेगळे झाले. फुफी त्या सात दिवसांत कानांवर पदर गुंडाळून मागच्या अंगणात जाऊन बसायची. पावसाळ्यात अंगणात बसता येईना, तेव्हा ती खोलीच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून सुपारी कातरायला लागली. आमच्याशी बोलायची नाही. मी तिचा मनातून दुस्वास करत होते. तिने काढून घेतलेली ओढणी अजून पेटीतच होती.

असाच एक श्रावणातला दिवस. माझा चौथा दिवस होता, ते सगळ्या घराला माहीत होतं. मी पाचवा पारा म्हणत होते आणि एका आयतीच्या सुरुवातीला 'व'च्या जागी 'फ' म्हणून गेले. अब्बांच्याही लक्षात आलं नाही, बोट पुढे सरकलं. कोपऱ्यात अडकित्ता थांबला.

"फ नाही वं," फुफी भिंतीकडे तोंड करूनच म्हणाली. "व."

अब्बांनी बोट मागे नेलं. पान डोळ्यांजवळ धरलं. तिचं बरोबर होतं.

मी विचारलं, "तुम्हाले कसं माहीत फुफी?"

तिने अडकित्ता खाली ठेवला. मग म्हणाली, "मले अकरा पारे येत होते. आमच्या गावच्या उस्तानीबी शिकवत होत्या. करीम तवा पाळण्यात होता."

अब्बा बहिणीकडे पाहत राहिले. इतकी वर्षं एका चुलीवरचं खाल्लं होतं आणि त्यांना हे ठाऊक नव्हतं.

"मंग?" मी म्हटलं.

"मंग काय. मोठी झाली."

"कोणते अकरा, फुफी? पहिले का शेवटचे?"

ती वळली. तिने तोंड उघडलं. ओठ हलले, एकदा, दोनदा, काहीतरी शोधत असल्यासारखे. आवाज आला नाही. मग तिने सुपारीचं ताट पुढे ओढलं.

"राहू दे," ती म्हणाली. "तू पुढं पढ."

मी पुढे पढले. इतक्या रागाने मी कुराण त्याआधी कधी पढले नव्हते, आणि त्यानंतरही कधी नाही.